जुन्या कोअर टू ड्युओवर जेंटू कसं बसवायचं, नागपूरच्या हिशोबानं

यंदा संक्रांतीच्या आसपास भाचीसाठी एक पीसी उभा केला. मानेवाड्याकडचं एक सायबर कॅफे बंद होऊन राहिलं होतं तिथून आणला, कोअर टू ड्युओ ई7500, जी31 चिपसेटचा बोर्ड, 4 जीबी डीडीआर2 रॅम, आणि या चिपसेटला 4 जीबीच्या वर रॅम चालतच नाही त्यामुळे वाढवायचा प्रश्न मिटला. विंडोज 11 ला हा प्रोसेसर चालत नाही, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पोरगी नुकतीच सी शिकायला लागली होती आणि तिनं विचारलं, "मामा, कम्पाईल होते म्हणजे नेमकं होते तरी काय?" तेव्हाच ठरवलं की हिच्या मशीनवर जेंटू नावाचं लिनक्स टाकायचं, दोघांनी मिळून.

आधी एक स्पष्ट सांगतो. तुम्हाला नुसतं ब्राउझर आणि पिक्चर पाहायला मशीन पाहिजे असेल तर डेबियन नाहीतर मिंट टाका, तासाभरात मोकळे. जेंटू त्यांच्यासाठी आहे ज्यांना सिस्टिममधला एकेक भाग कुठून येतो अन् का येतो हे बघायचंय. हे डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलं, आधी नाव ईनॉक होतं, 1.0 व्हर्जन 2002 साली आलं, आणि पोर्टेज नावाची जी पॅकेज सिस्टिम आहे तिची कल्पना फ्रीबीएसडीच्या पोर्ट्सवरून घेतलेली. जेंटू हे पेंग्विनच्या एका जातीचं नाव, पाण्यात सगळ्यात जोरात पोहणारा पेंग्विन. पॅकेज मागितलं की पोर्टेज त्याचा सोर्स कोड डाउनलोड करते आणि तुमच्याच मशीनवर कम्पाईल करून, म्हणजे माणसानं लिहिलेल्या कोडचा मशीनला चालणारा प्रोग्राम बनवून, बसवते, ही मूळ गोष्ट.

आणि इथेच जुन्या मशीनवाले फसतात. सगळंच सोर्सवरून बनवतो म्हणून हट्ट धरतात, तीन दिवस मशीन तापते, शेवटी कंटाळून सोडून देतात. डिसेंबर 2023 पासून जेंटू स्वतः तयार बायनरी, म्हणजे आधीच कम्पाईल केलेली, पॅकेजेस पण देते. ज्यात काही शिकायला मिळतं किंवा काही बदलायचं असतं ते स्वतः कम्पाईल करा, बाकीचं तयार घ्या, यात काही कमीपणा नाही. माझा पूर्ण लेख या एका गोष्टीवर उभा आहे.

कमांडची अचूक अक्षरं जेंटू हॅन्डबुकात आहेत, ती तिथूनच बघून टाईप करा. मी इथे क्रम सांगतो, प्रत्येक पायरी का करायची ते सांगतो, आणि जिथे जुनी मशीन अडते तिथे थांबून बोलतो.

आधी मशीनची तब्येत

हे सोडून कोणीही पुढे जाऊ नका. कम्पाईलिंग म्हणजे प्रोसेसर तासन्तास 100 टक्के चालणार, रॅमचा कोपरा न् कोपरा वापरला जाणार. रोजच्या वापरात लपून राहिलेला दोष इथे हमखास बाहेर येतो.

कॅबिनेट उघडा. आमच्यावाल्यात हीटसिंकच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी होती. ब्रश आणि ब्लोअरनं साफ केलं, ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा, तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जाते. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट वाळून खपली झाली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी लावली. इंटेलच्या जुन्या पंख्याच्या चार पुश-पिन असतात, चारही नीट बसल्या का ते बोर्डाच्या मागून बघा, एक जरी उचललेली राहिली तरी टेम्परेचर 15-20 डिग्रीनं वर जाऊ शकते.

मग सीमॉसचा सेल, सीआर2032, बदलाच. हा सेल मेला असेल तर प्रत्येक वेळी मशीनची तारीख मागे जाते आणि मग इंटरनेटवरून काही डाउनलोड होत नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणून एरर येते आणि माणूस उगाच राउटर बंद-चालू करत बसतो. घड्याळाच्या दुकानात मिळतो हा सेल.

रॅमसाठी मेमटेस्ट86+ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. आम्ही हे पहिल्यांदा केलं नाही अन् भोगलं. कम्पाईल मधेच तुटायचं, जीसीसी, म्हणजे सी चा कम्पायलर, "सेगमेंटेशन फॉल्ट" म्हणायचा, आणि परत चालवलं की दुसऱ्याच फाईलवर तुटायचं. हा फरक लक्षात ठेवा: एरर दर वेळी त्याच फाईलवर त्याच ओळीत येत असेल तर गडबड सॉफ्टवेअरमध्ये आहे, दर वेळी जागा बदलत असेल तर रॅम, टेम्परेचर किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) बघा. आम्ही दोन्ही स्टिक काढल्या, सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासल्या, स्लॉट साफ केला, परत लावल्या, मेमटेस्टचे तीन पास स्वच्छ गेले आणि ती एरर परत आली नाही.

हार्डडिस्क जुनी असेल तर बाजूला ठेवा आणि साधी 240 जीबीची साटा एसएसडी घ्या. पूर्ण कामात खर्च करण्यासारखी हीच एक गोष्ट आहे.

आणि वेळ. नागपुरात हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही हा साधा हिशोब आहे, जानेवारीत रात्री खोली 18 डिग्री, मे महिन्यात बाहेर 45 आणि पंख्याखालची खोली पण 38-40, म्हणजे तेच काम करताना प्रोसेसर वीसेक डिग्री जास्त गरम. काही लोक उन्हाळ्यात पीसी कूलरच्या झोतात ठेवतात, तसं करू नका, ती ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डावर चिखलाचा थर बसतो.

लाइट जाण्याचा पण विचार करून ठेवा. यूपीएस नसेल तर निदान इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा. कम्पाईल मधेच बंद पडलं तर ईमर्ज या पोर्टेजच्या कमांडचा रिझ्यूम ऑप्शन उरलेली यादी पुढे चालू करतो, पण जे पॅकेज अर्धं झालं होतं ते पहिल्यापासून सुरू होते, पाच तासांचं पॅकेज चौथ्या तासाला गेलं की जीव जळते.

64 बिट की 32 बिट

कोणत्याही लाइव्ह लिनक्समध्ये एलएस-सीपीयू कमांड द्या, ऑप-मोडसमोर 64-बिट दिसलं तर एएमडी64 वाला स्टेज (सुरुवातीची छोटी तयार सिस्टिम, पुढे येते) घ्यायचा, प्रोसेसर इंटेलचा असला तरी नाव तेच. फक्त 32-बिट असेल, जुना पेन्टियम 4 किंवा पहिल्या काळातला ॲटम नेटबुक, तर एक्स86 चा आय686 स्टेज. डेबियन 13 पासून 32 बिट इंटेलसाठी इन्स्टॉलर येत नाही, त्यामुळे असल्या मशीनींना जेंटू अजून जागा देते ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पेनड्राइव्ह आणि बूट

जेंटूची स्वतःची मिनिमल आयएसओ आहे, पण नवख्या माणसानं मिंटसारखी ग्राफिकल लाइव्ह सिस्टिम वापरली तरी चालते, जेंटूला कुठलंही चालतं लिनक्स पुरते, आणि शेजारी ब्राउझरमध्ये हॅन्डबुक उघडं ठेवता येते, कमांड कॉपी-पेस्ट होते. जुन्या बायोसमध्ये पेनड्राइव्ह कधी कधी हार्डडिस्कच्या यादीत दिसतो, वेगळा दिसत नाही, तिथे बघा. तरी नाही झालं तर आयएसओ डीव्हीडीवर राइट करा.

लॅन केबल लावा. जुन्या वायफाय कार्डांचं फर्मवेअर शोधण्यात दुपार घालवू नका, ते नंतर.

डिस्कचे भाग

या मशीनींना यूईएफआय नसते, साधी बायोस, त्यामुळे एफडिस्कमध्ये डॉस म्हणजे एमबीआर प्रकारचं टेबल बनवा. तीन भाग केले आम्ही: बूटसाठी 1 जीबी, स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) 8 जीबी, उरलेलं रूट, म्हणजे मुख्य सिस्टिमसाठी. स्वॅप 8 जीबी ऐकून लोक विचारतात एवढं कशाला, तर 4 जीबी रॅमवर सी++ चं मोठं पॅकेज कम्पाईल करताना लिंकिंगच्या वेळी मेमरी अचानक फुगते, तेव्हा स्वॅप नसेल तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कम्पायलरलाच मारून टाकतो. बूट आणि रूट दोन्ही एक्स्ट4 केले. डिस्क निवडताना एलएस-बीएलके करून साइज बघा, एसडीए म्हणजे आपलीच डिस्क असं धरून चालू नका, पेनड्राइव्ह पण एसडीए असू शकतो आणि त्यावर कोणाचे लग्नाचे फोटो असू शकतात.

स्टेज 3 उतरवणं

स्टेज 3 म्हणजे कम्पायलर, शेल, पोर्टेज असं सगळं असलेली छोटी तयार सिस्टिम, एका टार फाईलमध्ये. ओपनआरसी (बूट होताना एकेक सेवा सुरू करणारी व्यवस्था, दुसरा पर्याय सिस्टमडी) वाला घ्या, जुन्या मशीनवर हलका पडतो आणि बूट होताना काय काय सुरू होऊन राहिलं ते साध्या स्क्रिप्टमध्ये वाचता येते, शिकायला चांगला.

डाउनलोड झाल्यावर चेकसम आणि सही तपासा, नेट मधेच तुटलं तर फाईल अर्धवट येते. मग रूट पार्टिशन माउंट करून *त्याच्या आत जाऊनच* टार सोडा, हॅन्डबुकातले परमिशन अन् एक्स-ॲट्रिब्यूटचे ऑप्शन जसेच्या तसे टाका. ग्राफिकल अनझिपरनं राइट क्लिक करून सोडू नका, फायलींचे मालक आणि परवानग्या बिघडतात आणि नंतर लॉगिनच होत नाही.

मेक डॉट कॉन्फ, इथे घाई नको

पोर्टेजनं काय कसं बनवायचं ते सांगणारी ही फाईल म्हणजे सिस्टिमची कुंडली. चार ओळी महत्त्वाच्या.

कॉमन फ्लॅग्समध्ये, म्हणजे कम्पायलरला द्यायच्या सूचनांत, ओ2, मार्च=नेटिव्ह (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी बनव), आणि पाइप, एवढंच लिहा. ओ3 लावून मशीन विमान होत नाही, कम्पाईलचा वेळ वाढते आणि बायनरी फुगते, या प्रोसेसरच्या 3 एमबी कॅशला ते उलट जड जाऊ शकते.

मेकऑप्ट्स म्हणजे एका वेळी किती काम समांतर चालवायचं. नियम असा की प्रत्येक कामामागे 2 जीबी रॅम धरायची, आणि कोअरच्या संख्येपेक्षा जास्त नाही. आपल्याकडे 4 जीबी आणि 2 कोअर, म्हणून जे2. मोठ्या पॅकेजसाठी पॅकेज डॉट ईएनव्हीमधून वेगळं जे1 लावता येते, एलएलव्हीएमसाठी (हे पण कम्पायलरचंच एक जड पॅकेज) आम्ही तेच केलं.

यूज फ्लॅग्स म्हणजे कोणत्या सोयी पाहिजे अन् कोणत्या नको. प्रत्येक प्रोग्राममध्ये शंभर सोयी असतात, ब्लूटूथ, प्रिंटर, गेमपॅड, जे वापरणार नाही त्याच्यापुढे मायनस लावलं की तो कोड कम्पाईलच होत नाही आणि त्याच्या मागची पॅकेजेस पण येत नाहीत. भाचीला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, ती म्हणे "म्हणजे सावजीत तिखट कमी सांगतो तसं". पण हात आखडता ठेवा. तयार बायनरी पॅकेज तेव्हाच वापरलं जाते जेव्हा तुमचे यूज फ्लॅग त्याच्याशी जुळतात, जितकी जास्त फेरफार तितकं जास्त स्वतः कम्पाईल करावं लागन. आम्ही मोजून पाच-सहा फ्लॅग बदलले, त्यातला एक वेबइंजिन, मायनस लावून, कारण त्याच्या मागून क्यूटी या ग्राफिकल लायब्ररीचं अख्खं क्रोमियम ब्राउझर इंजिन येते आणि ते 4 जीबीवर बनवणं म्हणजे आठवड्याचा नाश.

चौथी ओळ, फीचर्समध्ये गेट-बिनपॅकेज. यानं बायनरी सुरू होतात. बिनहोस्टचा, म्हणजे बायनरी जिथून येतात त्या सर्व्हरचा, पत्ता बघून घ्या, एक साधा एक्स86-64 असतो आणि एक व्ही3 वाला. व्ही3 ला प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स2 नावाच्या नव्या सूचनांचा संच लागतो, कोअर टू ड्युओत तर व्ही2 ला लागणारं एसएसई4.2 पण नाही. चुकून व्ही3 लावलं तर प्रोग्राम सुरू होताच "इल्लिगल इन्स्ट्रक्शन" म्हणून मरतात, आणि ते पॅकेज बॅश (शेल) किंवा जीलिबसी (सगळ्या प्रोग्रामांची मूळ लायब्ररी) असेल तर सिस्टिमच उठत नाही. साधाच ठेवा.

अजून एक, पोर्टेज नाइसनेस 19 करून टाका, म्हणजे मागे कम्पाईल चालू असताना पण माणूस टायपिंग करू शकते. आणि पोर्टेजचं टेम्प फोल्डर रॅममध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तर तो 16-32 जीबीवाल्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

च्रूट, म्हणजे नव्या घरात शिरणं

प्रॉक, सिस, डेव्ह हे फोल्डर आत जोडायचे, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ आत कॉपी करायची, ती राहिली तर आत नेट चालत नाही, आणि च्रूट कमांड द्यायची. आता तुम्ही पेनड्राइव्हवरच्या कर्नलवर बसून नव्या सिस्टिमच्या आत आहात. बूट पार्टिशन आतच माउंट करा, हे विसरलं की कर्नल भलत्या जागी बसतो.

च्रूटमध्ये परत शिरणं पक्कं शिकून घ्या, बाकी काही नाही आलं तरी चालन. रीबूट केल्यावर मशीन उठली नाही, नेट नाही, पासवर्ड विसरला, काहीही झालं तरी सिस्टिम मेलेली नसते. पेनड्राइव्ह लावा, पार्टिशन माउंट करा, च्रूट करा, जे राहिलं ते दुरुस्त करा. आम्ही डीएचसीपीसीडी, म्हणजे नेट जोडून देणारं पॅकेज, टाकायला विसरलो होतो, रीबूट केलं तर नेटच नाही, अन् नेट नाही तर ते पॅकेज येणार कुठून, पोरीचं तोंड पडलं होतं. दहा मिनिटांत च्रूट करून टाकलं. पुढच्या वेळी ग्रबची (मशीन सुरू होताना कर्नल उठवणारा बूटलोडर) कॉन्फिग बिघडली तेव्हा तिनं मला न विचारता स्वतः केलं.

आत गेल्यावर ईमर्ज-वेबआरसिंकनं पॅकेजांची यादी आणा, ई-सिलेक्टनं प्रोफाइल निवडा, 23.0 मधलं डेस्कटॉप आम्ही घेतलं, सिस्टमडी लिहिलेलं चुकून घेऊ नका. बायनरींची सही तपासायला गेटूटो एकदा चालवा. टाइमझोन एशिया-कोलकाता. लोकेलमध्ये इंग्रजी आणि मराठी दोन्ही यूटीएफ-8 बनवा, पण इन्स्टॉल होईपर्यंत सिस्टिमची भाषा इंग्रजीच ठेवा, एरर आली तर तिचे शब्द जसेच्या तसे शोधता आले पाहिजे.

मग वर्ल्ड अपडेट, म्हणजे बसवलेल्या सगळ्या पॅकेजांचं अपडेट. ईमर्ज आस्कसोबत चालवला की यादी येते, एंटर मारायच्या आधी ती शांतपणे वाचा. बायनरीवाली जांभळी दिसतात, सोर्सवाली हिरवी. हिरव्या रंगात रस्ट, एलएलव्हीएम, वेबकिट असलं काही दिसलं तर थांबा, कोणत्या फ्लॅगमुळे सोर्सवर गेलं ते बघा. रस्टसाठी रस्ट-बिन, फायरफॉक्ससाठी फायरफॉक्स-बिन, लिब्रेऑफिससाठी लिब्रेऑफिस-बिन अशी तयार पॅकेजेस आहेतच.

एक पॅकेज मात्र मुद्दाम सोर्सवरून करा, जीसीसी. कम्पायलरनं स्वतःलाच कम्पाईल करणं, तेही तीन टप्प्यांत, तिसऱ्यात दुसऱ्याशी ताडून बघणं, हे डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. रात्री जेवण झाल्यावर लावलं, पोरगी ओळी सरकताना बघत बसली होती, "मामा, हे इतका वेळ काहून लागून राहिलं?" मग टप्पे समजावले. सकाळी चहाच्या वेळी झालेलं होतं. सेन्सर्स कमांडनं टेम्परेचर बघत राहा, आमचं 62 च्या आसपास होतं, 80 ओलांडलं तर बंद करा आणि पंखा-पेस्ट परत तपासा.

कर्नल, ग्रब, आणि पहिला बूट

पहिल्यांदा जेंटू-कर्नल-बिन टाका, तयार कर्नल आहे, सगळे ड्रायव्हर असतात. स्वतःचा कर्नल मेन्यू-कॉन्फिगमधून घडवायची हौस नक्की पूर्ण करा पण मशीन एकदा उठल्यावर, म्हणजे मागे फिरायला चालता कर्नल असतो. लिनक्स-फर्मवेअर टाकताना लायसन्स मान्य करायची ओळ लिहावी लागते. इन्स्टॉल-कर्नल नावाच्या पॅकेजला ग्रब आणि ड्राकट हे दोन यूज फ्लॅग आधीच द्या, म्हणजे नवा कर्नल आला की बाकीचं आपोआप होते.

एफएसटॅबमध्ये (बूटला कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) डिस्कचं नाव नका लिहू, बीएलके-आयडीमधून यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा कायमचा ओळख क्रमांक, घ्या. ग्रबसाठी मेक डॉट कॉन्फमध्ये ग्रब प्लॅटफॉर्म पीसी, मग ग्रब-इन्स्टॉल पूर्ण डिस्कवर, पार्टिशनवर नाही, शेवटी ग्रब-मेककॉन्फिग.

रूटचा पासवर्ड, एक साधा युजर व्हील ग्रुपमध्ये, डीएचसीपीसीडी, क्रॉनी (घड्याळ बरोबर ठेवणारा) आणि सिसलॉग (नोंदी ठेवणारा) बूटला जोडले का बघा, बाहेर या, सगळं अनमाउंट करा, रीबूट. काळ्या स्क्रीनवर लॉगिन आलं की झालं.

डेस्कटॉप आणि मराठी

एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या. ग्राफिक्स कार्ड कोणतं ते एलएसपीसीआयमध्ये बघून जेंटू विकीवरच्या तक्त्यातून मेक डॉट कॉन्फमध्ये व्हिडिओ कार्ड्ससमोरचं नाव भरा, जुन्या इंटेलला पिढीनुसार वेगळं असते. मराठीसाठी नोटो फॉन्ट टाका, एल10एन मध्ये एमआर लिहा, कीबोर्डला इंडिया लेआउटचा मराठी इनस्क्रिप्ट प्रकार आधीच असतो. रोमन अक्षरांनी टाईप करणाऱ्यांना आयबस आणि एम17एन.

शेजारी चांगला लॅपटॉप असेल तर जड पॅकेजेस त्याच्यावर जेंटूच्या च्रूटमध्ये बनवून इकडे आणता येतात. फक्त तिथे मार्च नेटिव्ह लिहू नका, कोअर2 लिहा, नाहीतर लॅपटॉपच्या प्रोसेसरसाठी बनन आणि इथे चालणार नाही. यूज फ्लॅग्स दोन्हीकडे सारखे पाहिजे.

पुढची देखभाल

आठवड्यातून एकदा सिंक, म्हणजे पॅकेजांची यादी ताजी करणं, पुरते, दिवसातून एकाहून जास्त वेळा करू नका, ते सर्व्हर लोकांच्या मदतीवर चालतात. ई-सिलेक्ट न्यूज वाचल्याशिवाय मोठं अपडेट लावू नका. वर्ल्ड अपडेट, मग डिस्पॅच-कॉन्फ (बदललेल्या सेटिंग फायली जुळवायला), मग डेपक्लीन (नको असलेली पॅकेजेस काढायला), यादी वाचूनच. जेंटू वर्षभर अपडेट न करता ठेवलं तर नंतर जुळवणं फार कठीण जाते, सहा महिन्यांनी हात लावणार असाल तर हे घेऊच नका. दर दोन-तीन महिन्यांनी ई-क्लीननं जुने सोर्स उडवा, 240 जीबी पण भरते.

आमच्याकडे रविवारी रात्री अपडेट लागते, ते काम आता भाचीकडे आहे. होळी झाली की मेकऑप्ट्स जे1 करायचं आणि अपडेट पहाटे चारला लावायचं, नवतपाच्या दिवसांत सिंक पण नाही. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून खोली थंड झाली की कॅबिनेट उघडून उन्हाळ्याची धूळ काढायची आणि परत जे2.